धुराचं बिल कोण भरतं? हवा, आजार आणि आपला घरखर्च

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की, शहरातल्या लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या, हॉटेलं आणि ढाब्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यावं. नवीन बेकरीला परवानगी द्यायची तर तीही स्वच्छ इंधनाच्याच अटीवर. मुंबईच्या बिघडलेल्या हवेची न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती, त्याच प्रकरणात हा आदेश आला. जुलै २०२५ मध्ये मुदत संपली.

आपल्या मोहल्ल्यांमध्ये या बातमीवर पहिली प्रतिक्रिया काय होती? "आता पाव महाग होणार." आणि दुसरी, "आपलेच धंदे दिसतात का यांना?" दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत. मुंबईतल्या पावाच्या धंद्यात मुस्लिम मालक आणि कारागीर मोठ्या संख्येने आहेत. ज्याची रोजी त्या भट्टीवर चालते त्याला काळजी वाटणारच.

पण एक तिसरा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. आजवर पाव स्वस्त होता तो कुणाच्या खर्चाने? लाकूड स्वस्त मिळतं म्हणून भट्टीचा खर्च कमी राहतो. पण त्या लाकडाचा धूर कुठेतरी जातोच ना? तो कुणाच्या तरी छातीत जातो आणि तिथे त्याचं बिल तयार होतं. हे बिल बेकरीच्या गल्ल्यातून भरलं जात नाही. ते दवाखान्यात, मेडिकलवर आणि बुडालेल्या रोजंदारीत भरलं जातं. हीच गोष्ट कारखान्याच्या, गाडीच्या, बांधकामाच्या आणि कचरा जाळण्याच्या धुराची. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर नफा एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा. हा खर्च मोजायचा कसा, ते जरा हिशेबाने पाहू या.

हवेत नेमकं असतं काय?

आपण "धूळ" म्हणतो तेव्हा डोळ्यांना दिसणारी धूळ डोक्यात असते. पण सगळ्यात जास्त नुकसान करणारी धूळ दिसतच नाही. तिला पीएम २.५ म्हणतात. म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला एक केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मावतील.

मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि घशातल्या चिकट पाण्यात अडकते. आपण शिंकतो, खाकरतो, ती बाहेर पडते. हे बारीक कण मात्र थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात, जिथे प्राणवायू रक्तात मिसळतो. त्यातले सगळ्यात बारीक कण तर रक्तातही उतरतात.

हे कण येतात बहुतेक काहीतरी जळण्यातून. डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा, प्लास्टिक. त्यात रस्त्याची आणि बांधकामाची धूळ मिसळते. मुंबईत पावसाळ्यात पाऊस हवा धुऊन काढतो आणि उन्हाळ्यात समुद्रावरचा वारा ती ढकलून नेतो. थंडीत वारा मंदावतो, जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि धूर तिच्यात कोंडला जातो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात वाईट.

आपल्या देशाच्या मानकानुसार पीएम २.५ ची वर्षाची सरासरी एक घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. म्हणजे सरकारी तक्त्यात हवा "समाधानकारक" दिसली तरी शरीराच्या दृष्टीने ती निर्धोक असतेच असं नाही.

शरीरात काय होतं?

लोकांना वाटतं प्रदूषण म्हणजे खोकला आणि दमा. तो फक्त एक भाग आहे. कण रक्तापर्यंत पोहोचत असल्यामुळे त्याचा परिणाम सगळ्या शरीरावर होतो. रक्तवाहिन्यांना सूज येते, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. फुफ्फुसाचा कॅन्सर, सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, मुलांमधला न्यूमोनिया, अगदी मधुमेहसुद्धा या यादीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला कॅन्सर करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे.

लहान मुलांचं नुकसान जास्त होतं, त्याचं कारण साधं आहे. मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, लहान मूल २० ते ३० वेळा. वजनाच्या मानाने मूल जास्त हवा आत घेतं आणि त्याचं फुफ्फुस अजून घडत असतं. त्या वयात झालेली तूट पुढे पूर्ण भरून निघत नाही. गरोदर बाई अशा हवेत राहिली तर बाळ कमी वजनाचं किंवा दिवसांआधी जन्माला येण्याची शक्यता वाढते. म्हणजे काही मुलं जन्मण्याआधीच हे बिल भरायला लागतात.

आणि बायकांचं वेगळं आहे. बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या कितीतरी बायकांना सीओपीडी होतो. कारण आयुष्यभराची चूल.

देशाचा हिशेब

२०१९ या वर्षात भारतात सुमारे १६.७ लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणामुळे झाले, असा अंदाज देशातल्या शास्त्रज्ञांनी मांडला. "लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ" या वैद्यकीय नियतकालिकात तो २०२० मध्ये छापून आला. त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी हे १७.८ टक्के. म्हणजे दर सहा मयतींमागे एकाहून थोडं जास्तच.

इथे कुणीही विचारेल, आमच्या ओळखीत तर कुणी "प्रदूषणाने" मेलेलं नाही! बरोबर. दाखल्यावर तसं लिहिलं जात नाही. दाखल्यावर लिहितात हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया. शास्त्रज्ञ काय करतात, तर हवा स्वच्छ असती तर या आजारांचे किती मृत्यू कमी झाले असते ते मोजतात. जसं आपण म्हणतो, रस्ता नीट असता तर इतके अपघात टळले असते. अपघातग्रस्ताच्या कागदावर "खड्डा" हा शब्द नसतो, पण खड्डा खोटा ठरत नाही.

याच अभ्यासात पैशांचाही हिशेब आहे. त्या एका वर्षात देशाचं सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपयांचं नुकसान झालं. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण १.४ टक्के. यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग अकाली मृत्यूंमुळे बुडालेल्या उत्पादनाचा आहे, बाकीचा आजारपणामुळे बुडालेल्या कामाचा. लक्षात घ्या, हा फक्त बुडालेल्या उत्पादनाचा आकडा आहे. आपण डॉक्टरला आणि मेडिकलला दिलेले पैसे यात धरलेले नाहीत. ते वेगळेच.

या अभ्यासात एक चांगली बातमीही होती. १९९० ते २०१९ या काळात चुलीच्या, म्हणजे घरातल्या धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं. गॅस घराघरात पोहोचला, त्याचा हा परिणाम. पण याच काळात बाहेरच्या हवेमुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण दुपटीहून जास्त वाढलं. इंधन बदललं की जीव वाचतात, हे आपल्या स्वयंपाकघरांनी आधीच दाखवून दिलं आहे.

घराचा हिशेब

लाख कोटींचे आकडे वाचून काही कळत नाही. म्हणून वहीवर मांडता येईल असा छोटा हिशेब करू. हे उदाहरण आहे, आपापले आकडे घालून पाहा.

समजा, एका खोलीत राहणारं पाच जणांचं कुटुंब आहे. अब्बू रोजंदारीवर, दिवसाला ७०० रुपये. अम्मी घरी जरीकाम करते, दिवसाला २०० रुपये. थंडीत धाकट्याची छाती भरली. डॉक्टरची फी २००, औषधं ४००, नेब्युलायझरची वाफ १५०, रिक्षा १००. झाले ८५०. अम्मीचे दोन दिवस गेले, ४०० रुपये. एक दिवस अब्बूला जावं लागलं, ७०० रुपये. एकूण १,९५०. एका थंडीत असं चार वेळा झालं तर ७,८००. म्हणजे अब्बूच्या अकरा दिवसांची कमाई.

हा पैसा कुठून येतो? कुठे भिशीतून, कुठे दुकानदाराच्या उधारीतून, कुठे कानातलं गहाण ठेवून. सरकारी आरोग्य योजना आहेत, पण त्या मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येतात. रोजचा पंप, रोजची गोळी, गल्लीतल्या डॉक्टरची फी खिशातूनच जाते. दम्याच्या घरांना मारतो तो हाच छोटा छोटा, परत परत येणारा खर्च.

शिक्षक म्हणून मला यात आणखी एक रकाना दिसतो. डिसेंबर-जानेवारीत हजेरीपत्रकात गैरहजेरीचे शेरे वाढतात. चिठ्ठीत बहुतेक वेळा एकच कारण, "खोकला आणि ताप". चार दिवस बुडालेलं मूल परत येतं तेव्हा वर्ग भागाकारावरून अपूर्णांकावर गेलेला असतो. ज्याच्या घरी शिकवायला कुणी आहे ते सावरतं. ज्याच्या घरी नाही ते मागच्या बाकावर सरकतं. हे नुकसान कुठल्याही बिलावर येत नाही, पण पंधरा वर्षांनी त्या मुलाच्या पगारात दिसतं.

जो गरीब, तो जवळ

धूर सगळ्यांचा असतो असं म्हणतात. अर्धं खरं आहे. हवेला भिंत नाही, पण जागेला भाव असतो. जिथे धूर जास्त तिथे जागा स्वस्त, आणि जिथे जागा स्वस्त तिथे आपण.

गोवंडी-शिवाजीनगरचा भाग पाहा. शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड, १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये तिथे कचऱ्याला लागलेली आग इतकी मोठी होती की तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. याच भागात २००९ पासून रुग्णालयांचा कचरा जाळणारा प्रकल्प चालत होता. रहिवाशांच्या संघटनेने जनहित याचिका केली आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो दोन वर्षांत हलवायला सांगितलं. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग सगळ्यात तळाला होता. योगायोग नाही हा. सगळ्या शहराचा कचरा जिथे जातो, तिथली माणसं सगळ्या शहराचं बिल भरतात.

या याचिकेतून एक धडा मात्र घेण्यासारखा आहे. रहिवाशांनी कागद जमवले, वकील केला, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. नुसतं "इथं कोण ऐकतं" म्हणत बसले नाहीत.

पुन्हा भट्टीकडे

गोवंडीत आपण धूर सोसणारे आहोत. भट्टीच्या बाबतीत काही जण धूर सोडणारेही आहोत. दोन्हीकडे माप एकच हवं.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने मुंबईतल्या बेकऱ्यांची पाहणी केली, तेव्हा जवळपास निम्म्या लाकडावर चालताना आढळल्या. बरंचसं लाकूड जुन्या फर्निचरचं, भंगारातलं. भंगारातलं लाकूड स्वस्त पडतं, पण त्यात प्लायवुडचा गोंद, रंग आणि पॉलिशही जळतं. साध्या लाकडाच्या धुरापेक्षा हा धूर वाईट.

त्याचं पहिलं बिल कोण भरतं? भट्टीसमोर रात्रभर उभा राहणारा कारागीर. तो उत्तर प्रदेशातल्या गावाहून आलेला असतो, कित्येकदा भट्टीच्या वरच्या माळ्यावरच झोपतो. काम करताना धूर आणि झोपतानाही धूर. पन्नाशीत दम लागायला लागला की तो गावी परत जातो, आणि त्याचा आजार मुंबईच्या कुठल्याच हिशेबात येत नाही. दुसरं बिल भरतं शेजारच्या खोलीतलं मूल. चिमणी उंच केली तर धूर थोडा लांब जाऊन विरळ होतो, नाहीसा होत नाही.

आता पावाचा हिशेब. समजा गॅसमुळे एक पाव एक रुपयाने महागला. दिवसाला दहा पाव खाणाऱ्या घराला महिन्याला ३०० रुपये जास्त लागतील. गरीब घराला हे थोडे नाहीत. आणि भट्ट्या बंद झाल्या म्हणून दवाखान्याचं सगळं बिल बंद होईल असंही नाही, कारण गाड्या, बांधकामं, कारखाने आणि कचरा आहेतच. पण फरक हा की पावाची वाढलेली किंमत आपल्याला दिसते, मोजता येते, त्यावर भांडता येतं. धुराची किंमत न विचारता वसूल होते, आणि पाव न खाणाऱ्याकडूनही.

छोट्या बेकरीवाल्याची अडचणही खोटी नाही. नवी भट्टी लाखांत जाते, जुन्या इमारतीत गॅसची पाइपलाइन पोहोचलेली नसते, भाड्याच्या जागेत बदल करायला मालक तयार नसतो. नुसत्या नोटिशीने हे सुटत नाही.

असा प्रश्न देशात आधीही आला होता. उत्तर प्रदेशात फिरोजाबादच्या काचेच्या आणि बांगड्यांच्या भट्ट्या कोळशावर चालत. तिथेही कारागिरांत मुस्लिमांची संख्या मोठी. ताजमहालच्या संगमरवराला धुराने इजा होते म्हणून ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पट्ट्यातल्या २९२ कारखान्यांना नैसर्गिक वायूवर या किंवा दुसरीकडे जा, असा आदेश दिला. पण त्यासोबत आणखी दोन गोष्टी होत्या. गॅस पुरवायची जबाबदारी सरकारी कंपनी गेलवर टाकली होती. आणि कामगारांची नोकरी अखंड धरावी, कारखाना हलला तर त्यांना वर्षाच्या पगाराइतका बोनस द्यावा, असंही सांगितलं होतं. हुकूम होता, सोबत पाइपही होता आणि कामगाराचा विचारही होता.

मुंबईच्या बेकऱ्यांसाठी मागायचं तर हेच मागावं. सवलतीचं कर्ज, प्राधान्याने गॅसजोडणी, कारागिरांना नव्या भट्टीचं प्रशिक्षण आणि झोपायला वेगळी जागा. "आम्हाला लाकूडच जाळू द्या" ही मागणी आपल्याच मुलांच्या विरोधात जाते. "आम्हाला बदलायला मदत करा" ही मागणी रास्त आहे, आणि ती एकत्र येऊन केली तर ऐकली जाण्याची शक्यताही जास्त.

आपल्या हातात काय आहे?

मोठे उपाय सरकारचे. पण तोवर आपला खर्च कमी करायला काही गोष्टी घरातूनच करता येतात.

१. मच्छर अगरबत्ती बंद करा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेले. बंद खोलीत रात्रभर कॉइल म्हणजे काय ते समजून घ्या. मच्छरदाणी एकदाच घ्यावी लागते.

२. लोबान, ऊद, अगरबत्ती लावायचीच तर खिडक्या उघड्या ठेवून, थोडा वेळ. घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर त्या खोलीत नकोच. सुगंध असला तरी धूर तो धूरच.

३. कचरा जाळू नका, जाळू देऊ नका. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये ५,००० रुपयांचा दंड ठरवला आहे. मुंबईत महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार करता येते. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

४. थंडीत सकाळी मोबाइलवर हवेचा निर्देशांक पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं "समीर" हे ॲप फुकट आहे. २०० च्या वर आकडा असेल तर लहान मुलांचं मैदानी खेळणं आणि म्हाताऱ्यांचं पहाटेचं फिरणं त्या दिवशी टाळावं. रुमाल किंवा ओढणी बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क नीट घट्ट बसवला तर अडवतो.

५. इन्हेलरला घाबरू नका. "पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे. पंपातून औषध थेट फुफ्फुसात जातं, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रेत काम होतं. बरं वाटलं म्हणून पैसे वाचवायला पंप मध्येच बंद केला की पुढचा झटका जास्त महाग पडतो. रमजानच्या आधी डॉक्टरला भेटून सेहरी-इफ्तारच्या वेळा सांगा आणि औषधाचं वेळापत्रक ठरवून घ्या. मसल्याबद्दल शंका असेल तर आलिमांना विचारा, पण आपल्या मनाने औषध सोडू नका.

६. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, जिना चढताना दम, छातीतून शिटीसारखा आवाज, यातलं काही असेल तर नुसत्या खोकल्याच्या बाटलीवर भागवू नका. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. गरज पडली तर डॉक्टर फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, सांगतील. ती करून घ्या.

७. एक थंडी वहीत हिशेब ठेवा. खोकला, ताप, दम यासाठी गेलेला प्रत्येक रुपया, बुडालेली प्रत्येक रोजंदारी, शाळेचा प्रत्येक चुकलेला दिवस.

शेवटचा मुद्दा छोटा वाटेल, पण सगळ्यात कामाचा तोच. एका गल्लीतल्या वीस घरांनी असा हिशेब ठेवला तर फेब्रुवारीत त्यांच्या हातात एक कागद असेल. नगरसेवकाकडे, वॉर्ड ऑफिसमध्ये, मोहल्ला कमिटीत किंवा बेकरीमालकांच्या बैठकीत "धूर फार आहे" असं म्हणण्यापेक्षा "या गल्लीने या थंडीत धुरासाठी इतके रुपये भरले" असं म्हणता आलं, तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. घरात मुलं शिकलेली आहेत, वही त्यांच्याकडे द्या. गणिताचा अभ्यासही होईल.